काचेला पाडलेलं भोक

बाबा, मुलाने माशांची मोठी टाकी घेतली आहे. जादा पाणी वाहून जायला तिच्या काचेला भोक पाडावं की नको, यावरून काल जेवताना मुलगा आणि सून वाद घालत होते. मला आलापल्लीचं आपलं घर आठवत होतं.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील तेव्हा. तुम्ही जंगल खात्याच्या आरागिरणीत फिटर, मी मास्तरकीचं शिक्षण संपवून नुकतीच घरी आलेली, आणि तापानंतर आईचे पाय कायमचे गेलेले. गाव सोडून चाललेल्या एका लाकडाच्या ठेकेदाराकडून तुम्ही लोखंडी चौकटीची काचेची टाकी आणलीत आणि आईच्या खाटेशेजारी मांडलीत. आई वैनगंगेकाठची. नाल्यातले मासे टाकीत सोडले तेव्हा कितीतरी दिवसांनी ती हसली. पण साचल्या पाण्यात मासे तोंड वर काढून तडफडायला लागले. तुम्ही खिडकीबाहेर पिंप ठेवून बारीक धार आत आणलीत, आणि वरचं पाणी बाहेर खेचायला रबरी नळी लावलीत.

एका दुपारी मी विहिरीवर होते, तुम्ही गिरणीत. नळीत हवा शिरली आणि पाणी ओढणं थांबलं, पिंपाची धार मात्र चालूच राहिली. परत आले तर सारवलेल्या जमिनीचा चिखल झालेला, लोंबणारी गोधडी भिजलेली. आईने हाका मारल्या होत्या, कोणाला ऐकू गेल्या नव्हत्या. पाणी खाटेखाली शिरताना ती नुसती बघत पडली होती.

संध्याकाळी तुम्ही म्हणालात, "उद्या नेऊन टाकतो ही टाकी."

"मले विचारलं काय?" आई म्हणाली. "भोक पाडा तिले."

"काच तडकली त? दुसरी इथी कुठी भेटते?"

"तडकली त तडकली. दिवसभर मीच पाहून राह्यली न तिच्याकडं? मंग मीच सांगीन."

तुम्ही उठून बाहेर गेलात. मला वाटलं, संपलं, उद्या टाकी जाणार. त्या काळी आपल्या ओळखीतला कोणता पुरुष बायकोचं असलं बोलणं ऐकून घेत होता? परत आलात आणि खाटेच्या कडेला बसलात. "कुठी पाडू, सांग."

तिने बोटाने जागा दाखवली, काठापासून चार बोटं खाली.

आधी फुटक्या तावदानांवर हात बसवलात. पहिलं तडकलं, दुसरं तडकलं, तिसऱ्याला भोक पडलं. रविवारी मासे हंड्यात काढून टाकी आडवी केलीत. आईने खाट वळवून घ्यायला लावली. हातड्रिलला पात्याऐवजी लावलेली तांब्याची नळी, काच घासायची काळी पूड, थेंबथेंब पाणी, आणि हातड्रिलचा तो दात शिवशिवणारा आवाज. मी पाणी घालतेय, आईचा श्वास ऐकू येतोय. शेवटी काचेची गोल चकती खाली पडते. भोकाच्या कडेचा बारीकसा टवका उडालाय, बाकी काच शाबूत. आई म्हणते, "आता जेवा."

पितळी नळी बसवून, गळू नये म्हणून दोन्ही बाजूंनी रबरी वायसर लावून पाणी तुम्ही खिडकीबाहेर वांग्यांच्या वाफ्यात सोडलंत. आई असेपर्यंत ती टाकी पुन्हा सांडली नाही.

मी त्यावर फार विचार केला नाही तेव्हा. लग्न होऊन बल्लारपूरला आले, संसाराला लागले, तेव्हा कळलं की जे विचारणं मी आपल्या घरात पाहिलं होतं, ते सगळ्या घरांत नसतं. माझ्या घरी कुठली गोष्ट ठेवायची, कुठली काढायची, मुलांना कुठे शिकवायचं, मला कोणी कधी विचारलं नाही. मारहाण नव्हती, उपाशी ठेवलं नाही, म्हणून तक्रार तरी कशाची करायची? तुम्हाला दर महिन्याला पत्र टाकत होते ना, बाबा, "मी सुखात आहे, काळजी नसावी"? ते खरं नव्हतं. तुम्ही होतात तोवर लिहवलं नाही.