गिऱ्हाइकाचा माल

अलिना,
सलाम.

तू माहेरी युसूफ वडगावला गेलीस त्याला आठ महिने झाले. परवा अम्मीचे गुडघे लई सुजले म्हणून तिला घेऊन डॉक्टरीणबाईंकडं गेलतो. त्यांनी विचारलं, "घरात खाता काय?" अम्मी म्हणाली, "सकाळी चहा-टोस्ट, दुपारी चहा-खारी, सांजच्याला भजे." फळवाल्याच्या घरात फळ न्हाई, हे ऐकून त्या माझ्याकडंच बघत राहिल्या. म्हणाल्या, रोज असलं खाल्लं तर अंगात आतून सूज राहू शकते, अन् कुणाकुणाच्या मनावरबी तिचा भार पडतो. सगळं खाण्यानंच होतं असं न्हाई, पण खाण्यानंबी होतं.

मला तू आठवलीस. सांधे धरलेत, जीव कशातच लागत न्हाई, म्हणायचीस. मी म्हणायचो, नाटकं हायेत. एकदा गाड्यावरचा चांगला पेरू तू उचललास, तर मी हातातून हिसकावून घेतला. "गिऱ्हाइकाचा माल हाय. घरी डागी फळं आणतो की!" त्यानंतर तू डागी फळबी खाल्लं न्हाईस, अन् मी घरी आणायचंबी सोडलं.

आज तुझ्यासाठी सहा डाळिंबं निवडली. एकावरबी डाग न्हवता. पिशवी घेऊन स्टँडवर वडगावच्या एसटीची वाट बघत उभा राहिलो. एका बाईनं पिशवीत डोकावून विचारलं, "कशी दिली?"

माझ्या तोंडून भाव निघून गेला.

एसटी आली तवा पिशवी रिकामी होती. मी चढलो न्हाई. हे पत्रबी टाकणार न्हाई. तू गेलीस ते बरं केलंस.

अजून गाड्यावरच उभा असलेला,
रईस
घाटनांदूर