यादीबाहेरचा पलंग

कारधा,
रविवार

प्रिय बाबा,

वडिलांना पत्र लिहिताना 'प्रिय' लिहायचं, हे मी पाचवीत असताना तुम्हीच शिकवलं होतं, म्हणून लिहिलं. त्याचा याहून जास्त अर्थ लावू नका. फोन केला की आई दोन वाक्यं बोलते न बोलते तोच तुम्ही तिच्या हातून तो काढून घेता, आणि मग 'हो, बरं, ठेवतो' एवढंच ऐकू येतं. म्हणून पत्र. पूर्वी घरात आलेलं पत्र आधी आई फोडायची. आता तिला अक्षर दिसत नाही, तेव्हा हे पत्र तुम्हालाच तिला मोठ्याने वाचून दाखवावं लागेल. मधली ओळ गाळू नका. चार पानं आहेत, मी तिला विचारणार आहे.

तर, मी पलंग केला आहे. विकत आणला नाही, कोणाकडून करवूनही घेतला नाही. औषधाच्या दुकानातून सुटल्यावर आणि रविवारी, खोलीपुढच्या हातभर ओसरीत, सात महिने खपून माझ्या हाताने केला. सव्वासहा फूट लांब, साडेतीन फूट रुंद. एक कोपरा काटकोनात नाही, आणि डोक्याकडच्या फळीवर करवत घसरल्याची लांब खूण आहे. पण दोन बायका त्याच्यावर उभ्या राहिल्या तरी तो हूं की चूं करत नाही. शेजारच्या रंभाबाईंना घेऊन मी स्वतः उभी राहिले होते. रंभाबाईंना तुम्ही पाहिलेलं नाही, त्यामुळे ही केवढी मोठी परीक्षा होती ते तुम्हाला कळायचं नाही. तुम्ही माझं इथलं काहीच पाहिलेलं नाही. सहा वर्षांत तुम्ही भंडाऱ्याला जिल्हा कचेरीत किती वेळा आलात याची मला कल्पना आहे. त्याच रस्त्यावर, नदीवरच्या पुलाच्या अलीकडे माझी खोली. त्या पुलाआधी तुमच्याने कधी उतरवलं नाही.

तुम्हाला आठवत असेल, माझ्या लग्नाआधी साकोलीचे कृष्णराव मिस्त्री दोन महिने आपल्या एकोडीच्या अंगणात काम करत होते. दिवाण, कपाट, आरशाचं टेबल, चार खुर्च्या. आंदण असं पाहिजे की मांडवात लोकांनी जेवण विसरून तिकडे पाहावं, असं तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचात. एकदा कृष्णराव पाणी प्यायला उठले आणि मी त्यांचा रंधा उचलून एका फळीवरून फिरवला. पातळ, लांब, गोल गुंडाळी निघाली. मला इतका आनंद झाला होता की मी ती कानातल्यासारखी कानाला लावून पाहिली. तेवढ्यात तुम्ही घरातून धावत आलात आणि माझ्या हातून रंधा हिसकावलात. 'पोरीनं लाकडाले हात नाही लावाचा, फळी खराब होते,' म्हणालात. फळीला काहीही झालं नव्हतं. कृष्णराव हळूच म्हणाले होते, 'हात सरळ हाय पोरीचा, भाऊ.' ते तुम्ही ऐकलं नाही. मी ऐकलं, आणि तेरा वर्षं जपून ठेवलं. तुमच्या सगळ्या आंदणातून माझ्याकडे उरलेली वस्तू तेवढीच.

बाकीच्या वस्तूंचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिते, कारण तुमच्या आणि माझ्या आठवणीत फरक आहे. सात वर्षं संसार करून मी तुमसरहून एक पिशवी घेऊन निघून आले, आणि महिनाभराने तुम्ही चार माणसं आणि टेम्पो घेऊन भूपेंद्रच्या घरी बैठकीला गेलात. मलाही सोबत नेलंत. मला वाटलं, माझे बाबा माझ्यासाठी भांडायला चालले आहेत. टेम्पोत मी मान ताठ करून बसले होते. तिथे चहा झाला आणि तुम्ही खिशातून आंदणाची यादी काढलीत. दिवाण एक, कपाट एक, खुर्च्या चार. एका खुर्चीचा हात सैल झाला होता, त्यावर अर्धा तास गेला. टेबलाच्या आरशाला तडा गेला होता, त्यावर तर तुमचा आवाज गल्लीत ऐकू गेला असेल: 'हा फुटला कसा, ते सांगा आधी!' सामान हलवताना फुटला, असं भूपेंद्रची आई म्हणाली. तुम्ही नवी काच कबूल करून घेतलीत आणि यादीवर खूण केलीत. मी दाराशी उभी होते. मला कोणी काही विचारलं नाही. आरशाचं पुढे लिहिणारच आहे, आता नको.

ते सामान तुम्ही घरी आणून ताडपत्रीखाली ठेवलंत. मी कारध्याला खोली केली तेव्हा त्यातली एक खुर्ची मागितली होती. फक्त एक, तीही सैल हाताचीच. तुम्ही म्हणालात, 'एकट्या बाईच्या खोलीत सामान कायले पायजे?' पुढे त्यालाच पॉलिश करून, नवा आरसा बसवून धाकट्या रीताच्या लग्नात मांडलंत. लोकांनी खरंच जेवण विसरून पाहिलं. रीतावर माझा राग नाही. तिला कोणी सांगितलं नाही, आणि मीही सांगणार नाही. ती त्या आरशात सुखाने केस विंचरते आहे तर विंचरू दे. पण मांडवात तुम्ही त्या दिवाणावर हात फिरवून पाहुण्यांना 'अस्सल साग' म्हणत होता, तेव्हा मी तिथेच पंगतीत वाढत होते. एकदा तरी तुमची नजर माझ्याकडे वळेल म्हणून मी तिथून बुंदी घेऊन तीनदा गेले.

मला जमिनीवर झोपण्याचं दुःख नव्हतं, हे लक्षात घ्या. चटई, गोधडी, उशाशी पाण्याचा तांब्या, मी मजेत होते. पलंगाची गरज मला पडलीच नाही. ती तुम्ही पाडलीत, काकांच्या निकेशच्या साक्षगंधात, साखरपुड्याला जमलेल्या सगळ्यांपुढे. काकांनी साधं विचारलं होतं की वहिनीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, तर भंडाऱ्याला ऑपरेशन करून आठ दिवस दामिनीकडे का ठेवत नाही. दवाखाना जवळ, पोरगी औषधाच्या दुकानात, थेंब वेळेवर पडतील. तुम्ही हसून म्हणालात, 'तिच्या घरी काय हाय? बसाले गेलं त खुर्चीबी आपल्याच घरून न्या लागते. बिमार बाईले का भुईवर झोपवू?' सगळे हसले. आई हसली नाही, पण तिला कोण हसलं तेही दिसलं नसेल. मी तुमच्या मागे पाण्याचा जग घेऊन उभी होते. ग्लास भरला आणि तुमच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी मी लाकूड चिरणाऱ्या आरामशीनवर गेले.

आरामशीनवर बाबुलाल म्हणून एक म्हातारा आहे. धरणाखाली बुडीत गेलेल्या गावांतली घरं उठली तेव्हाच्या सागाच्या चौकटी अजून त्याच्याकडे पडून आहेत. मी मापं लिहिलेला कागद पुढे केला तर म्हणतो, 'घरी कोनी मानूस नाही का, बाई?' मी म्हटलं, आहे की, मीच. तो म्हणाला, 'मंग खिळे पाहून घेजा. जुन्या लाकडात लई खिळे रायतात.' त्याने सांगूनही मी नीट पाहिलं नाही आणि पहिल्याच दिवशी करवतीचे चार दात गेले. मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकत होते. त्यातल्या माणसांना सगळं पहिल्या फटक्यात जमतं. मला एका लाकडात खाच पाडून दुसऱ्याची जीभ तिच्यात घट्ट बसवायला महिना लागला. कधी खाच सैल, कधी जीभ बारीक. डाव्या हाताच्या अंगठ्यावर पटाशी बसली, तर दुकानाच्या मालकीण रत्नमालाताई पट्टी बांधता बांधता म्हणाल्या, अगं, हप्त्यावर घेऊन टाक एक. घेता आला असता. पण मग तुम्ही म्हणाला असता, पोरीने दुकानातून उचलून आणला, त्यात काय. तुम्हाला त्यात काहीच म्हणता येऊ नये, अशी वस्तू मला पाहिजे होती.

जूनमध्ये पलंग झाला. वरच्या आंब्याच्या फळ्या मी एकमेकींना अशा चिकटवून ठोकल्या होत्या की मधून सुई जाणार नाही. मला वाटलं, घट्ट म्हणजे चांगलं. पाऊस लागला, नदीवरून ओल आली, आणि ऑगस्टात सगळ्या फळ्या फुगून मधोमध वर आल्या. पाठीवर झोपणाऱ्या माणसालाही त्यावर पालथंच झोपावं लागलं असतं. मी त्या ओसरीत बसून रडले. तुमचं ते हसणं कानात होतं, म्हणून जास्तच रडले. बाबुलाल येऊन बघून गेला आणि म्हणाला, 'लाकूड तोडलं तरी पानी पेतेच, बाई. त्याले हलाले जागा ठेवा लागते.' मी सगळ्या फळ्या उपटल्या, रंधल्या, आणि मधे बोटभर फटी ठेवून पुन्हा ठोकल्या. दसऱ्याला पुन्हा पलंग झाला. या वेळी तो हलला नाही.

आता आईबद्दल. डोळा पिकू द्या, धान कापून होऊ द्या, चुरणी-मळणी होऊ द्या, दिवाळी होऊ द्या, असं तुम्ही म्हणत राहिलात. वर्ष झालं, बाबा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे की पिकायची वाट बघणं हा जुना समज आहे. जितका उशीर तितकं अवघड. दिवाळीत मी आले तेव्हा आईच्या मनगटावर फोड होता. तव्याचा काठ दिसला नाही म्हणाली. तुम्ही शेजारच्या खोलीत टीव्ही बघत होता. माझ्या खोलीत पलंग नाही, हेही कारण पुढे करून तुम्ही तिला अंधारात ठेवलंत, आणि ते कारणसुद्धा खरं नव्हतं. तुम्हाला लाज पलंगाची नाही, माझी वाटते. सोडून आलेल्या पोरीच्या घरी आपली बायको झोपली, हे लोकांना दिसू नये, एवढंच आहे.

तो आरसा सामान हलवताना फुटला नव्हता. भूपेंद्रने माझं डोकं त्याच्यावर आपटलं होतं. भांगाच्या डाव्या बाजूला चार टाक्यांची खूण आहे. मी परत आल्यावर आई माझी वेणी घालायची, तेव्हा तिच्या बोटांना ती लागली. त्या दिवसापासून ती तिथे फणी हळू फिरवायला लागली. म्हणून ही ओळ तिला वाचून दाखवायची गरज नाही, तिला माहीत आहे. ही तुमच्यासाठी आहे. दोनदा वाचा. तुम्ही काचेसाठी भांडलात तेवढं एकदा माझ्यासाठी भांडला असतात, तर मी तुम्हाला सगळं सामान रीतासाठी हसत दिलं असतं.

बुधवारी सकाळी दहाला मी गाडी घेऊन एकोडीला येते आहे, आईला न्यायला. परवानगी मागत नाही, कळवते आहे. गुरुवारी पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन आहे आणि शुक्रवारी सकाळी माझ्या खोलीतच पट्टी सोडायची आहे. आता हे पत्र का लिहिलं ते सांगते, कारण एवढ्यासाठी मी लिहिलं नसतं. येऊन सरळ तिला घेऊन गेले असते. दिवाळीत मी आईला विचारलं, पट्टी निघाल्यावर आधी कोणाला बघायचं आहे? सात महिने मी तिच्यासाठी लाकूड रंधलं होतं, मला वाटलं माझं नाव घेईल. तिने तुमचं घेतलं. म्हणाली, 'त्याइले पाहून वर्ष झालं ना वं.' मला फार राग आला, अजून आहे. पण तिच्या डोळ्यांवर माझ्या रागाचा हक्क नाही. तुमच्या गुडघ्याची उंची मी तिलाच विचारली होती. तुम्ही दुपारी पडला होता तेव्हा तिने चाचपून मोजली, दोन वीत आणि दोन बोटं. त्या मापाने पलंगाशेजारी एक खुर्ची अर्धी झाली आहे. पाठ आणि मागचे दोन पाय बसवले आहेत, पुढचे दोन कापून भिंतीला टेकवून ठेवले आहेत. बुधवारी तुम्ही आईसोबत गाडीत बसलात तर संध्याकाळी ते बसवीन. नाही बसलात तर रंभाबाईंच्या चुलीला सरपण होईल. सांध्यातला सरस वाळायला एक रात्र पुरते, शुक्रवारपर्यंत ती तुमचं वजन पेलेल. खुर्ची घरून आणू नका.

तुमचीच, कुठल्या यादीत नसलेली,
दामिनी