धाकट्याचे कान

४ जून
बाईंनी पकडलं! वर्गात धाकट्याला तीनदा हाक मारली. हा खिडकीबाहेर बघतोय. मी बाकाखालून लाथ मारली, तेव्हा उठला. बाईंनी लाथ पाहिली.
"याला ऐकू येत नाही का गं?"
येतं — थोडं. पाच वर्षांपूर्वी ताप आला होता तेव्हापासून. उरलेलं मी सांगते. ओठ सावकाश हलवायचे, की त्याला कळतं. माझ्यापेक्षा अकरा मिनिटांनी लहान आहे, तेवढं करायलाच हवं.
घरात कुणाला पत्ता नाही. बाबा केवढे गायक! एक सूर हलला तरी त्यांना कळतो, असं पेपरात येतं.

५ जून
बाईंची चिठ्ठी — आईवडिलांनी याला कानाच्या डॉक्टरांकडे न्यावं. आई शूटिंगला. तिची सेक्रेटरी म्हणाली, "मॅडमना गुरुवारी दहा मिनिटं आहेत. तुम्हा दोघांत मिळून."

९ जून
गुरुवार होऊन गेला.

११ जून
शेवटी स्वयंपाकाच्या मावशी घेऊन गेल्या.
डॉक्टरांनी विचारलं, "आई का तुम्ही?"
"हो. काय सांगायचं ते मला सांगा."
"पाच वर्षं झोपला होतात का?"
मावशींनी ऐकून घेतलं. टॅक्सीत डोळे पुसत होत्या. धाकट्याने विचारलं, काय झालं? म्हटलं, धूळ गेली.

२० जून
यंत्रं बसली, दोन्ही कानांत. धाकटा दिवसभर नळ सोडतोय, बंद करतोय. जिना एवढा वाजतो, हे त्याला माहीतच नव्हतं.
मला म्हणाला, "तुझा आवाज घोगरा आहे गं!"
वा! आता मला कामही उरलं नाही.

२३ जून
आई आणि बाबा, दोघंही घरी! मासिकाचे फोटो होते. आई धाकट्याला म्हणाली, "ते कानातलं दिसतंय. केस पुढे घे." कशासाठी आहे, ते नाही विचारलं.

२४ जून
नाश्त्याला आई बाबांना म्हणाली, नेहमीसारखं आमच्यासमोरच — "मुलगी एकटी झाली असती तर निभलं असतं. हा मागोमाग आला आणि माझी दोन वर्षं पाण्यात गेली."
याआधी असं काही निघालं की मी धाकट्याला सांगायचे — हवेबद्दल बोलतायत.
आज त्याने विचारलंच नाही. चमचा खाली ठेवला. माझ्याकडे वळला.
"हे सगळं तू एकटी ऐकत होतीस?"