फिबीच्या बाळाची नोंद

यॅझूकाठ, मिसिसिपी
१४ ऑक्टोबर १८५३

प्रिय अराबेलाताई,

तुझा खोकला थांबला का? इकडे कापूस फुटलाय, माणसं पहाटेपासून रानात आहेत. तुला धुण्याला बाई हवी होती ना? गाडीवान आयझॅक हे पत्र देईल तेव्हा सोबत आमची फिबी असेल. ठेवून घे, कायमची.

घोड्यावरून पडून यांचा उजवा हात मोडला, तेव्हापासून मळ्याची रोजवही मी लिहिते. कुणी किती कापूस वेचला, कोण आजारी, हवा कशी, हे सांगतात आणि मी उतरवते. परवा जुनी पानं चाळत बसले. गुलामांची बाळं हे एका ओळीत उरकतात. 'टीनाला मुलगी.' बस्स. पण मार्चमधल्या एका पानावर काय असावं? 'फिबीला मुलगा. पहाटे सव्वाचार. डोळे करडे. दोघं सुखरूप.'

सव्वाचार, ताई! म्हणजे घड्याळ घेऊन हे तिच्या झोपडीबाहेर उभे होते. आणि करडे डोळे आमच्याकडे कुणाचे, हे तुला सांगायला नको.

मग मी माझी लेक एमलीन गेली त्या दिवसाचं पान काढलं. 'पाऊस. सरकीचं यंत्र बंद. बायकोला बरं नाही.' पोरीचं नावसुद्धा नाही.

तू म्हणशील, जळतेस. हो, जळते. तिच्यासारखीवर जळते, याची लाज वाटते, तरी जळते.

हे शनिवारपर्यंत शहरात डॉक्टरकडे आहेत, म्हणून आजच पाठवतेय. फिबीला सांगितलं, तशी दारात उभी राहिली.

"बाईसाहेब, पोर अजून अंगावर पितंय. त्याला तरी नेऊ द्या."

"टीना पाजेल त्याला."

"माझं काय चुकलं? मला विचारलं होतं का कुणी? मी नाही म्हटलं असतं तर मालकांनी ऐकलं असतं?"

नसतं ऐकलं. मला ठाऊक आहे, ताई, पहिल्यापासून ठाऊक होतं. मी एवढंच म्हणाले, "गाडी थांबलीय."

माझ्याकडे एकही नाही, तर तिच्याकडे का असावं?

आजचं पान लिहून ठेवलं आहे. 'फिबी रवाना. हवा स्वच्छ.' पोराबद्दल काही लिहिलं नाही. थोडक्यात कसं लिहायचं, ते यांच्याकडूनच शिकले.

तिथं ती रडली, तर मला कळवू नकोस.

तुझी,
बरं नसलेली,
लविनिया