दादाची चार मिनिटं

गुरुवार, दिवेलागण

भेंडीला पाणी सोडणाऱ्या मोटरचा नवा बोर्ड आज एकदाचा चालू झाला. दादाने बनवलेला जुना जळला, आणि तसली चिप आता मिळत नाही. नव्या चिपसाठी आठवडाभर एका ओपन सोर्स फ्रेमवर्कशी, म्हणजे नेटवर फुकट मिळणाऱ्या तयार प्रोग्रामशी, झटत होते. दादाने हाताने लिहिलेलं बरंचसं त्यात आयतंच होतं, म्हणून त्याच्या प्रोग्रामच्या ओळी सपासप उडवल्या. एक ओळ अशी होती की लाइट आली, घरात घंटा वाजली, तरी मोटरने चार मिनिटं थांबायचं. कशाला? उगाच वेळ फुकट. तीही उडवली. किती शहाणी मी!

दुपारी लाइट आली. घंटा वाजली, आई वाफ्यात पाणी धरायला निघाली, मोटर लगेच सुरू. आई शेतावरून चिखलाने भरून परतली.

"पाणी माझ्या आधी पोचला गो. बांध फुटला, दोन वाफे गेले. दादा व्हता तवा आसा नाय व्हायचा."

चार मिनिटं. घरापासून वाफ्यापर्यंत आईला चालायला लागणारी. त्याने मोजली असणार. मला कधी बोलला नाही. त्याला जाऊन म्हशाच्या दोन जत्रा, दोन वर्षं झाली, आणि मला हे आज...

ओळ परत घातली. मग वाटलं, आपणही मोजावं. मोबाइल घेऊन आईच्या मागे मागे गेले. ती मध्येच आंब्याखाली टेकली, गुडघा धरून.

सात मिनिटं लागली.

नव्या बोर्डात दादाचा म्हणून तेवढा चारचा आकडाच उरला होता. तो मी खोडला आणि सात लिहिला.