रकाना नववा: भगदाड

तीर्थरूप आत्यास,

दोन्ही हात जोडून नमस्कार. साष्टांग घालणार होतो, पण मोजणीचं चाक ढकलून कंबर धरली आहे. उरलेली अंगं भेटीत. तुझा खोकला थांबला का? काका औषध वेळेवर देतात ना, की स्वतःच चाटून संपवतात?

मला नोकरी लागल्याचं आईने कळवलं असेलच. (तिने "मोठ्या ऑफिसात" असं लिहिलं असेल. ऑफिस मोठं आहे, पण माझं टेबल दाराआड आहे. दार उघडलं की मी दिसत नाही.) शहर माणसाच्या तब्येतीला किती मानवतं, हे मोजायचं काम. बसथांबा घरापासून किती लांब, पदपथ किती रुंद, सावली किती, रस्ता ओलांडायला किती सेकंद मिळतात. एक दांडा, खाली चाक, चाकाला आकडे. दहावीपुढे न गेलेल्या माणसाला याहून नेमकं काम कुठे मिळणार?

माझ्या वाट्याला गोदामांमागची वस्ती आली. नकाशात ती हिरवी, म्हणजे उत्तम, कारण थांबा तीनशे मीटरवर. पण नकाशावर पट्टी ठेवली की पट्टीला मधली भिंत आडवी येत नाही, माणसाला येते. भिंतीला वळसा घालून चाक ढकललं, तर एक हजार तीनशे ब्याऐंशी मीटर भरले. (खात्रीसाठी पुन्हा ढकललं, तर एक्क्याऐंशी. तो एक मीटर कुठे गेला, या विचाराने मला जेवण गेलं नाही.) तरी वस्तीतले सगळे वेळेवर कामाला पोचत, कारण भिंतीत भगदाड होतं. कुणीतरी कधीकाळी चार विटा काढल्या असतील, बाकीच्यांनी जाता-येता त्याच्या कडा घासून गुळगुळीत केल्या.

त्याला लागूनच शिंपीणबाई राहतात. त्यांच्या पायाचं हाड मोडून जुळलं आहे, आणि आठवड्यातून तीनदा पलीकडच्या दवाखान्यात त्या पायाच्या व्यायामाला जात. त्यांनीच मला बसायला स्टूल दिलं, आणि भगदाडाची रुंदी घ्यायला आपली टेप. बावन्न सेंटिमीटर. आणि आत्या, इथेच माझं चुकलं. फॉर्मात आठवा रकाना 'सोयी': बाक, दिवे, झाडं, नळ, एवढेच छापील पर्याय. नववा रकाना 'दोष', आणि तिथे मोकळी ओळ. मोजलेलं काही सोडायचं नाही, हा माझा स्वभाव. मी नवव्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: भिंतीस भगदाड, रुंदी ५२ सेंमी, नित्य वापर.

चौथ्या दिवशी गवंडी आले. (याच रस्त्यावरचा फुटका पाइप दोन वर्षं वाहतो आहे, त्याला कुणी विचारत नाही.) जेवणाच्या सुट्टीआधी भगदाड बुजलं, वर गिलावाही झाला.

वस्तीला माझ्या फॉर्मची काय कल्पना! सगळे माझ्याकडेच आले. "चाकवाले, ऑफिसात तुमचं वजन आहे, तेवढं उघडून द्या!" मी "बघतो, बघतो" म्हणत चाक ढकलत राहिलो. शेवटी शिंपीणबाईंना खरं सांगून टाकलं. त्यांनी मशीन थांबवलं. "म्हणजे माझ्याच टेपेने माझी वाट मोजून बंद केलीस," म्हणाल्या. "निदान अक्षर तरी गिचमिड काढायचंस, मेल्या!" आणि मला चहा दिला. त्या चहापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. वळशाचं अंतर त्यांच्या पायाला झेपत नाही. दवाखाना सुटला आहे, आणि व्यायाम असाच तुटला तर पाय कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं आहे.

मी साहेबांकडे गेलो. साहेब माणूस वाईट नाही, कागदाचा आहे. म्हणाले, रीतसर फाटक मंजूर होईल, पण एका दिवसात दोनशे वेगवेगळी माणसं कामासाठी तिथून ये-जा करतात, असं मोजणीत दिसलं पाहिजे. मी म्हटलं, साहेब, ते बुजलंय. "मग शून्य लिहा," म्हणाले. पुष्कळ विनवल्यावर एवढंच बोलले, "भिंतीला हात लावू नका, म्हणजे झालं." म्हणून वस्तीतल्या सुताराने भिंतीला न शिवता दोन्ही बाजूंना लाकडी पायऱ्या उभ्या केल्या, आणि मी वही घेऊन खाली बसलो. शिंपीणबाईंना चढता येत नाही, पण स्टुलावर बसून त्या एकेकाला हाकत होत्या: "अगं चढ की, तुझ्या लग्नाची वरात थांबलीय का मागे!"

सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकशे अठ्ठ्याऐंशी माणसं झाली. बारा कमी. सुतार म्हणाला, दोनशे लिहा, कोण बघतंय? मी लिहिलं नाही. खरं लिहून ज्याने वाट बंद केली, त्याने खोटं लिहून उघडली, तर पुढच्या वस्तीत माझ्या आकड्यावर मी तरी कसा विश्वास ठेवू? साहेबांनी येत्या गुरुवारी आणखी एक मोजणी दिली आहे. ती शेवटची, आणि वस्तीत चढण्याजोगं नवं माणूस उरलेलं नाही.

बाकी मी खुशाल आहे. काळजी करू नये, ती मी करतो आहेच.

तुझा भाचा

ता. क. – तुझ्या घरची माणसं मोजली. तू, काका, तुझे दोन्ही दीर, जावा, मुलं, सुना धरून बरोबर बारा. गुरुवारी येता का? नुसतं चढून उतरलेलं मी धरणार नाही, खरं काम हवं. म्हणून शिंपीणबाईंशी बोललो आहे: बस पलीकडे थांबते, त्यांचं घर अलीकडे, आणि त्या बाराही जणांची कपड्यांची मापं घेणार आहेत.

ता. क. दुसरा – काकांना घट्ट पँट घालू देऊ नकोस. उसवली तर शिंपीणबाई आहेतच, पण ती पलीकडच्या बाजूला उसवेल.

ता. क. तिसरा – पाकीट चिकटवण्याआधी वही पुन्हा तपासली. एकशे अठ्ठ्याऐंशीत सुतार आहे, तो पायरी हलते का एवढंच बघायला चढला होता. त्याची बायको त्याला जेवायला बोलवायला चढली होती. ते काम आहे की नाही, यावर दोन तास विचार केला आणि तिला ठेवलं. पण तिसाव्या ओळीत मी स्वतः आहे, पायऱ्यांची उंची घ्यायला चढलो होतो. सुताराला आणि मला खोडलं. तेव्हा येताना शेजारच्या दोघांनाही घेऊन ये.