न आलेला दात

“हलू नकोस गं, एकदा उमटलीस की कायमची राहशील.” माझे वडील दशरथ हिवराळे १९८७ साली साकीनाक्याच्या आमच्या छपाईच्या गाळ्यात असे म्हणाले होते. स्टुलावर माझी धाकटी बहीण विशाखा बसली होती. वय सहा. बाबा कॅमेऱ्यापुरते बोलत होते.

मी, संघमित्रा दशरथ हिवराळे, वय ४६, अविवाहित, धंदा नोकरी, राहणार बोरिवली पूर्व, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहीत आहे. शेजारच्या खोलीत आई आहे, पण तिने किंवा इतर कोणी काही लिहायला सांगितलेले नाही. शरीर आजारी आहे. दिवाळीनंतरचे विचारले की डॉक्टर विषय बदलतात. डोके शाबूत असल्याचा त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. बोरिवलीचे राहते घर आणि बँकेतली सर्व शिल्लक माझी आई लता दशरथ हिवराळे हिला. तिच्या पश्चात दोन्ही माझा मामेभाऊ धम्मपाल याला. हे मृत्युपत्र अमलात आणायची जबाबदारीही त्याचीच. धम्मपाल, आईला तिच्या स्वयंपाकघरातून हलवू नकोस. माळ्यावर हळदीची रिकामी पाकिटे घडी घालून ठेवली आहेत, तीही ती असेपर्यंत टाकू नकोस. ती का आहेत ते पुढे लिहिते.

२. तो फोटो एका मसालेवाल्याच्या पाकिटासाठी होता. त्यांचे नाव लिहीत नाही. पगार घेऊन पुष्कळदा लिहून झाले आहे. विशाखाचा पुढचा एक दात नुकताच पडला होता, म्हणून ती ओठ घट्ट मिटून हसली. पुढच्या वर्षी काविळीने ती गेली. नवा दात तोवर आलेला नव्हता. पाकीट चालू राहिले. गिऱ्हाइके मसाल्याचे नाव विसरली, “ती पोरगीवाली हळद द्या” एवढे पुरेसे झाले. आईने दुसरी हळद कधी घरात आणली नाही.

३. माझ्या कामाच्या एकवीस वह्या माझी सहकारी मनाली हिला. माल कसा विकला जातो हे शोधण्यासाठी मी वीस वर्षे मुलुंड-घाटकोपरच्या घराघरांत कचऱ्याचे डबे पाहिले. त्यांतले एकच निरीक्षण खरे माझे आहे: चेहरा असलेले पाकीट बाई चुरगाळत नाही, घडी घालते. घाटकोपरच्या एका बाईंनी पाकीट भिंतीकडे तोंड करून ठेवले होते. का, विचारले तर म्हणाल्या, “सकाळपासून घरात भांडणं चाललीत. पोरीच्या कानावर कशाला?” या निरीक्षणावर मला बढती मिळाली. ते मी घाटकोपरला शिकले नव्हते. आई तसे करताना मी लहानपणापासून पाहत होते.

४. माझी ऑफिसातली खुर्ची, ती माझी स्वतःची आहे, आमचे साहेब सुयोग यांना. तिच्यात बसून त्यांनी पुढचे आठवावे. मसालेवाले मोठे झाले आणि पाकीट नव्याने काढायचे काम वांद्र्याच्या आमच्या जाहिरातीच्या ऑफिसात आले. फोटो पडद्यावर लावून सुयोग म्हणाले, “ही आता कुठे असेल गं? चांगली चाळिशीची बाई झाली असेल. उद्या हिस्सा मागत आली तर आपली वाट लागेल यार!” सगळे हसले. मीही हसले. ती माझी बहीण आहे हे मी त्या दिवशी सांगितले नाही, नंतरही नाही. तक्रार सुयोगबद्दल लिहायला घेतली होती, ती माझ्याबद्दलच निघाली. तरी खुर्ची त्यांनाच द्यावी.

त्या कामात मी फोटोतल्या तिच्या डोळ्यांच्या बाहुल्या जराशा वर उचलल्या, म्हणजे ओट्याशी उभ्या असलेल्या बाईकडे ती बघेल. पाकीट दाखवल्यावर बायका म्हणाल्या, पोरगी मोकळी हसत नाही. म्हणून मी तिचे ओठ उघडले आणि आत नवा दात रेखाटला. पांढरा, सरळ.

५. यंदा मसाल्याच्या कंपनीने तिला यंत्राने बोलते केले. हळद संपत आली असेल असा हिशोब लावून ती गिऱ्हाइकाला फोन करते, पडद्यावर दिसते. पन्नाशीपुढच्या बाईला “आई” म्हणायचे, पन्नाशीच्या आतल्या बाईला “ताई”. हा नियमही मीच लिहिला. चाचणीच्या दिवशी आवाज देणारी मुलगी आली नाही, म्हणून वाक्ये मी म्हटली आणि यंत्राने माझा आवाज लहान केला. सगळ्यांना तो आवडला, तोच ठेवला.

जानेवारीत एका दुपारी आईचा फोन वाजला. मी भाजी निवडत होते. “आई, हळद संपली ना गं?”

आई म्हणाली, “आले गं बाळा, हात पुसते.” मग तिने फोन डोळ्यांजवळ नेला. मला म्हणाली, “मित्रा, दात आला बघ तिला.” आणि थोड्या वेळाने, “तुझा आवाज तिच्यात कसा गं गेला?”

ऑफिसात कोणी ओळखला नव्हता.

तेव्हापासून आईची हळद दर आठवड्याला संपते. मला ऐकू जाऊ नये म्हणून ती दार लोटून घेऊन बोलते. परवा मी औषध घेऊन झोपले होते, तर बाहेरून माझाच आवाज आला, बारीक, खूप लाडात आलेला. आई त्याला सांगत होती, “ताई आजारी आहे. हळू बोल.” आणि तो आवाज खरेच हळू झाला.

६. त्या फोटोची मूळ निगेटिव्ह कपाटात बाबांच्या पाकिटात आहे. ती आईला. दिंडोशीच्या वकीलबाईंच्या मते फोटो बाबांनी काढलेला, लेखी करार काही नाही, आणि वारस आम्ही दोघीच. दोघींनी सही करून हरकत घेतली तर चेहरा आणि आवाज दोन्ही काढून घ्यायला कंपनीला भाग पाडता येईल. मी हरकतीच्या कागदावर सही केली आहे. आईला विचारले तेव्हा ती म्हणाली, “एकदा दवाखान्यात सही केली आणि पोरगी पांढऱ्या कापडात गुंडाळून आणली. आता परत नाही करायची मला.”

वरील सर्व मी वाचून पाहिले असून ते माझे म्हणणे आहे.

सही: संघमित्रा दशरथ हिवराळे

साक्षीदार, ज्यांच्या देखत मी सही केली व ज्यांनी माझ्या देखत सह्या केल्या:
१) दत्ताराम धाकू राणे, शेजारी
२) रत्नप्रभा मोहिते, शेजारी

ठिकाण: बोरिवली पूर्व, मुंबई
दिनांक: १४ ऑगस्ट २०२५

आई, हे तुझ्यासाठी, साक्षीदार गेल्यावर लिहिते आहे. मी गेल्यावरही आठवड्याने फोन वाजेल. तोंड विशाखाचे असेल, आवाज माझा असेल, आणि आम्हा दोघींपैकी तिथे कोणीच नसेल. ती हळद संपली का एवढेच विचारेल. सहीला तू नाहीच म्हणणार, मला माहीत आहे. हरकतीच्या कागदावर माझ्या सहीखालची ओळ मोकळी ठेवली आहे. तिथे सही कर.